चौऱ्याऐंशी घरांचा तक्ता

कीर्तनात बुवांनी प्रश्न टाकला की सुगंधाबाईंच्या टाळ्या थांबायच्या. बुवा प्रश्न विचारतात ते पुढे आपणच उत्तर द्यायला, हे मंडपातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण बाई खरोखरच विचारात पडायच्या. देव विटेवर उभा का, दमून बसत का नाही, असं बुवांनी विचारलं की पुढे उत्तर येऊन, त्यावर दृष्टांत होऊन गजर सुरू झाला तरी बाई आपल्या त्या विटेपाशीच. मग शेजारची बाई कोपराने ढोसायची, "बाई, टाळी. लोक उभे राहिले."

चौथीच्या वर्गावरही त्यांची तीच तऱ्हा. फळ्यावर प्रश्न लिहायच्या आणि पोरांच्या आधी स्वतःच त्यात गुंतून पडायच्या. पोरांना ते फार आवडायचं. ज्या बाईंना उत्तर आधीच माहीत नाही, त्यांच्यापुढे चुकायची भीती कसली?

शाळा कांजूरमार्गची, स्टेशनापासून टेकडीकडे चढत जाणाऱ्या वस्तीच्या पायथ्याशी. वस्तीतली बरीचशी घरं कोकणातली. गिरण्यांच्या संपाला दोन वर्षं होऊन गेली होती. कालपर्यंत साच्यावर उभी राहणारी माणसं आता मरोळच्या कारखान्यांत पाळ्या करत होती, कुठे दारावर वॉचमन म्हणून बसत होती. वस्तीच्या मधोमध पत्र्याच्या छपराचं विठ्ठल-रखुमाईचं देऊळ होतं, आणि दर मार्गशीर्षात तिथे अखंड हरिनाम सप्ताह व्हायचा. सात दिवस प्रवचन, हरिपाठ, रात्री कीर्तन. आणि या सगळ्याच्या तळाशी एक वीणा. सात दिवस, सात रात्री ती कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात असलीच पाहिजे. दोन तासांचा एक पहारा. एकाने उतरवायची, दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, त्याच्या पाया पडायचं आणि बाजूला व्हायचं. ती खाली टेकवायची नाही, खुंटीला लावायची नाही. टेकली तर अखंड कसला?

गेल्या वर्षी ती खुंटीला लागली. एका पहाटे चारच्या पहाऱ्याचा माणूस आला तर देवळात कोणी नाही, आणि वीणा खुंटीवर.

या वर्षी सप्ताहाला पंधरा दिवस उरले असताना देवळात बैठक बसली. सप्ताहाचे प्रमुख नाना. गिरणीत जॉबर, म्हणजे साच्यांवरचे मुकादम होते, आवाज अजून तिथलाच, साच्यांच्या खडखडाटावरून जाणारा.

"स्पष्टच सांगतो," नाना म्हणाले. "लोकांची भक्ती आटली. पूर्वी पहाऱ्यासाठी भांडणं व्हायची. आता नाव देतात आणि घरात घोरत पडतात. दत्ताराम होता तोपर्यंत निभावलं. सगळे पहारे त्याच्या डोक्यात. कोणाच्या दारावर कधी थाप मारायची त्याला बरोबर ठाऊक. तो गेला गावाला. मी गेल्या वर्षी चिठ्ठ्या करून बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या, तर काय झालं ते बघितलंत. यंदा एकच दिवसाचं कीर्तन करू नि मोकळे होऊ."

वर्षभर बाई या सात रात्रींची वाट बघायच्या. एक दिवसाचं कीर्तन म्हणजे पूर्वरंग ऐकून उत्तररंगाच्या आधीच उठून जायचं. आणि नानांच्या बोलण्यातलं काहीतरी त्यांना टोचत राहिलं. भक्ती आटली? सगळ्यांची? आणि नेमकी एकाच रात्री?

"नाना," बायकांच्या बाजूने त्या म्हणाल्या, "पहाऱ्यांचा तक्ता माझी मुलं करतील. कोष्टक शिकवायचंच आहे मला चौथीला. पुस्तकात बागेतली फुलं दिलीत, लाल इतकी, पिवळी इतकी. इथे फुलं बघितलीत कोणी?"

"पोरं सप्ताह चालवणार?"

"सप्ताह मोठी माणसंच चालवणार. पोरं विचारून लिहितील."

नानांनी डोळे बारीक केले. "बरं. पण वीणा पुन्हा खुंटीला लागली, तर पुढल्या वर्षीपासून सप्ताह बंद. आणि ते तुमच्या तक्त्यामुळे झालं, असं मी चारचौघांत सांगेन."

"सांगा," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर उभ्या-आडव्या रेघा ओढल्या. वर सात वार, गुरुवारपासून बुधवारपर्यंत. डाव्या हाताला बारा पहारे, पहिला सकाळी सहा ते आठ, मग खाली उतरत उतरत पहाटे चार ते सहा.

"हे मधलं प्रत्येक चौकोनी घर म्हणजे काय?"

"एक माणूस," शकु म्हणाली. शकुचं घर देवळाला लागून, जिभेला हाड नाही आणि पायाला भिंगरी.

"नुसता माणूस?"

"त्या वाराचा, त्या वेळेचा माणूस," चंपाने सांगितलं. ती आधी वर बघायची, मग बाजूला, मग बोलायची.

"बघ, एका घराला दोन पत्ते. एक वरून येतो, एक बाजूने. दोन्ही बोटं जिथे भेटतात, तिथे तो माणूस. किती घरं झाली?"

खंडूने बोटांवर मोजलं. "बारा सत्ते चौऱ्याऐंशी."

बाईंना हसूच आलं. "अगं बाई, चौऱ्याऐंशीच निघाली? कीर्तनात बुवा सांगतात, चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरून मग मनुष्यजन्म मिळतो."

"आमच्यात नाही ते," चंपा म्हणाली.

"नसू दे गं. बारा सत्ते तुमच्यातही चौऱ्याऐंशीच ना?"

चंपाने विचार करून मान हलवली. तिचं घर वस्तीच्या दुसऱ्या अंगाला, बौद्ध कुटुंबांच्या ओळीत. वडील शिवदास रेल्वेच्या केबिनमध्ये कामाला. देवळाच्या कामात मुलगी घेतली तर त्यांना चालेल का, याची बाईंना धाकधूक होती. चंपानेच येऊन सांगितलं होतं, "बाबा म्हणाले, देवळात पाया पडायचं नाही. पण तक्ता करायचा तर चोख कर."

मुलांच्या तीन तुकड्या झाल्या. प्रत्येकीला गल्ल्या वाटून दिल्या. "घरातल्या कर्त्या माणसाला विचारा," बाई म्हणाल्या, "कोणता पहारा जमेल. तो सांगेल ते लिहा. आपल्या मनाचं काही नाही."

चार दिवस पोरांनी वस्ती पालथी घातली. कोणी गूळ-शेंगदाणे देऊन पाठवलं, कोणी "मास्तरणीला दुसरं काम नाही काय रे" म्हणून हाकललं, पण नावं आली. अंदाजापेक्षा कितीतरी जास्त आली. तक्ता भरत चालला तसे बाईंचे डोळे मोठे होत गेले. भक्ती आटली असेल तर मग हे काय होतं?

तक्ता पुरा भरल्यावर खंडू म्हणाला, "झालं. देऊन टाकूया."

"थांब. आधी वाजवून बघू. बुवासुद्धा कीर्तनाआधी पेटीवाल्याला सूर लावून बघायला सांगतात."

मग वर्गात सप्ताह लागला. बाईंची छत्री झाली वीणा. पुठ्ठ्याच्या घड्याळाचे काटे फिरवायला स्वतः बाई. मागच्या वर्षीचं डेट कॅलेंडर होतं, त्याची पानं फाडायला चंपा. शकु तक्त्यापाशी उभी राहून नाव पुकारणार. आणि प्रत्येक मूल म्हणजे कोणी ना कोणी. खंडू झाला सीताराम, मरोळच्या कारखान्यातला फिटर. त्याच्या शेजारची मुलगी झाली धोंडिराम वॉचमन.

गुरुवार झकास गेला. छत्री गळ्यातून गळ्यात फिरत होती, पोरं एकमेकांच्या पाया पडून वर चिमटे काढत होती. गुरुवार-शुक्रवारच्या रात्री बाईंनी काटे गर्रकन फिरवून उरकल्या. शनिवार उजाडला, मावळला. बाईंनी काटे बारावर आणून ठेवले आणि चंपाने टर्रकन पान फाडलं.

"ए, काय केलंस?" शकु ओरडली. "अजून सकाळ कुठे झालीय?"

"बारा वाजले. रविवार लागला."

"रात्री कसला रविवार लागतो?"

"तारीख बाराला बदलते. बाबांची ड्यूटी रात्री बाराला सुरू झाली की दुसरी तारीख लिहितात."

"तुझ्या बाबांची गाडी असेल तशी. आमची आजी म्हणते, उजाडल्याशिवाय वार बदलत नाही."

"भांडू नका. पुढे जाऊ," बाई म्हणाल्या, आणि काटे दोनवर नेले. "रात्रीचे दोन. नाव?"

शकुने शनिवारच्या रकान्यातून बोट खाली आणलं. "धोंडिराम." त्याच क्षणी चंपाने रविवारच्या रकान्यात बोट ठेवलं. "सीताराम."

दोघंही उठली. दोघांनी छत्री धरली. खंडू एका बाजूने ओढतोय, ती मुलगी दुसऱ्या बाजूने, आणि वर्ग खिदळतोय. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी भराभर काटे फिरवले, रविवारचा दिवस नेला, रात्र आणली आणि पुन्हा दोनवर थांबल्या. "आता?"

शकुने बघितलं. "रविवारी रात्री दोन. सीताराम."

"मी काल येऊन गेलो," खंडू म्हणाला. "हिने मला छत्री दिली नाही. मी आता घरी जाऊन झोपलोय."

छत्री ज्या मुलाच्या हातात होती तो दोन्हीकडे बघत तसाच उभा.

"म्हणजे एका रात्री दोघं," बाई हळूच म्हणाल्या, "आणि एका रात्री कोणी नाही." तक्ता त्यांनी स्वतः तीनदा तपासला होता. पण त्यांच्याही मनात वार उजाडताना बदलत होता. लहानपणापासून ऐकलेलं, सूर्योदयाला जी तिथी तीच दिवसाची. बारा वाजता कोणी पान फाडत असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांना भीती वाटायला हवी होती. पण त्यांना भयंकर मजा वाटायला लागली.

"मग खरं काय?" त्यांनी विचारलं. "वार कधी बदलतो?"

"झोपून उठल्यावर," एक जण म्हणाला.

"मग ह्याचा नऊला बदलतो," शकुने टोमणा मारला. "तोही आईने लाथ घातल्यावर."

"नाइट शिफ्टवाला झोपतच नाही. त्याचा बदलतच नाही का?"

बराच वेळ तो गोंधळ चालला, आणि बाईंनी तो चालू दिला. शेवटी त्या म्हणाल्या, "दोघींचंही बरोबर. शकुचा वार वस्तीचा, चंपाचा वार रेल्वेचा. आपण कोणाला खोटं पाडायचं नाही. मला एवढंच सांगा, सीतारामने तुम्हाला रविवार सांगितला तेव्हा त्याच्या मनात कुठली रात्र होती?"

त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

"म्हणजे मध्यरात्रीनंतरच्या सगळ्यांकडे पुन्हा जायचं. पण विचारायचं काय? 'कुठला रविवार' म्हटलं तर तो म्हणेल, रविवार म्हणजे रविवार, डोकं फिरलंय का तुमचं."

पोरं डोकं खाजवू लागली. शकुने सुचवलं, "आदली रात्र की नंतरची?" चंपा म्हणाली, "कशाच्या आदली?" पाचसहा प्रश्न फळ्यावर आले आणि पुसले गेले. डबा खायच्या सुट्टीची घंटा झाली तरी कोणी हलेना. तेवढ्यात खंडू, ज्याचं सगळं लक्ष एव्हाना डब्याकडे गेलं होतं, म्हणाला, "बाई, असं विचारूया. पहाऱ्याला याल तेव्हा पोटात कुठल्या वाराचं जेवण असेल?"

बाईंनी खडू खाली ठेवला. कितीतरी कीर्तनं त्यांनी ऐकली होती, पण एवढा नेमका प्रश्न एकाही बुवांनी टाकला नव्हता.

संध्याकाळी पोरं निघाली. खंडू आणि चंपाबरोबर बाई स्वतः गेल्या. प्रश्न ऐकून माणसं आधी हसायची, पण उत्तर ताबडतोब द्यायची. वाराबद्दल शंका असेल, आपल्या जेवणाबद्दल कोणाला शंका? धोंडिराम म्हणाला, "शनिवारचं. सुकट-भाकरी असते त्या दिवशी." सीताराम कामावरून येऊन हात धूत होता. तो म्हणाला, "शनिवारचंच. आणि काय? रविवारी पहाटे दोनला येणार म्हणजे आदल्या रात्री शनिवारचं जेवूनच येणार ना?" मग टॉवेलने हात पुसत म्हणाला, "गेल्या वर्षीही तसाच गेलो होतो."

"गेल्या वर्षी?" बाई म्हणाल्या.

"जाऊ द्या बाई. नानांनी परत पाठवला. म्हणाले, आज तुझा नंबर नाही, उगाच लुडबुडू नको. वर्षभर बोलत नाहीत माझ्याशी. यंदा नाव दिलं ते ह्या पोरांनी विचारलं म्हणून."

बाई तिथून थेट देवळात गेल्या. नाना समया घासत बसले होते. बाईंनी चंपाच्या हातात खडू दिला, खंडूला पुढे केलं आणि म्हणाल्या, "नाना, गेल्या वर्षी खुंटीवर वीणा सापडली, त्या रात्री पहारा कोणाचा होता?"

"त्या सीतारामचा. चिठ्ठीवर चक्क लिहिलेलं, रविवार, रात्री दोन. आलाच नाही. त्याच्या आधीचा पोर झोपेने कलंडायला लागला, त्याने लावली खुंटीला नि गेला घरी."

"सीतारामच्या पोटात शनिवारचं जेवण होतं," खंडू म्हणाला.

"काय?"

चंपाने जमिनीवर खडूने दोन रकाने काढले आणि बारावर एक रेघ मारली. नाना समई हातात धरून बघत राहिले. बोटाने एकदा वरून खाली आले, एकदा बाजूने. मग पुन्हा.

"म्हणजे सीताराम आला होता," ते म्हणाले.

"आदल्या रात्री," बाई म्हणाल्या.

"मीच हाकललं त्याला." नानांचा जॉबरचा आवाज कुठे गेला कोण जाणे. समई त्यांनी पुन्हा घासायला घेतली, घासलेल्याच जागी. मग म्हणाले, "तो घरी असेल काय आता?" आणि उत्तराची वाट न बघता, चिंचेचे हात तसेच घेऊन उठून गेले.

नवा तक्ता मोठ्या कार्डशीटवर झाला. बाराच्या खाली पोरांनी जाड लाल रेघ ओढली आणि रेघेखाली रकान्यांची नावं पुन्हा लिहिली, शनिवारची रात्र-रविवारची पहाट, रविवारची रात्र-सोमवारची पहाट, अशी. आता ज्याला त्याला आपल्या सवयीने वाचता येणार होतं. धोंडिरामने आनंदाने आपला पहारा पुढच्या रात्री सरकवला. सगळी घरं नीट लागली, आणि मग दिसलं की एक घर रिकामं आहे.

रविवारची रात्र-सोमवारची पहाट, चार ते सहा. आधीच्या गोंधळात तिथे कोणाचं तरी चुकून पडलेलं नाव होतं. ते आता आपल्या खऱ्या जागी, दुसऱ्या एका नावाच्या जोडीला गेलं होतं. पोरांनी सगळ्यांना पुन्हा विचारलं. पहाटेला मोकळी असणारी मोजकी माणसं इतर दिवशी लागून गेली होती, बाकीच्यांची सोमवारी पहिली पाळी. ज्याला त्याला त्याच वेळी उठून आवरून बाहेर पडायचं. जे रात्रपाळीला ते कारखान्यात. खुद्द नानांना दम्यामुळे दोन तास सलग नाम घेणं डॉक्टरांनी बंद केलेलं.

सप्ताहाच्या आदल्या दिवशी तक्ता घेऊन बाई आणि पोरं देवळात आली. मांडव घालणं चाललं होतं, बायका रांगोळीसाठी अंगण सारवत होत्या.

नानांनी तक्ता बघितला, मान डोलावली आणि त्या रिकाम्या घराशी थबकले. "हे काय?"

"तिथे कोणी नाही," शकु म्हणाली.

"मग लिही कोणाचं तरी. सीतारामचं लिही, आता तो मला नाही म्हणायचा नाही."

"त्याला विचारलं. त्याची पहिली पाळी आहे."

"अगो, लिहून ठेव. वेळेला बघू. देवळात असा भोक पडलेला तक्ता लावायचा? लोक म्हणतील, सुरू व्हायच्या आधीच सप्ताह मोडला."

शकुने बाईंकडे पाहिलं. चंपाने पाहिलं. बाईंच्या हातात पेन्सिल होती. नाव लिहिलं की तक्ता पुरा. नाना खूश, सप्ताह सुरू, पुढचं विठ्ठल बघेल. गेल्या वर्षीच्या डब्यातल्या चिठ्ठ्याही अशाच पुऱ्या होत्या. त्यांच्या मनात एक नाव येऊन गेलं, स्वतःचंच, आणि तिथल्या तिथे विरलं. या देवळात बायकांचा हात वीणेला लागायचा तो पाया पडण्यापुरता.

"नाना, रिकामं आहे तर रिकामंच लावू," त्या म्हणाल्या. "खोटं नाव लिहिलं तर वीणा सोमवारी पहाटे पडेल आणि आपल्याला ते पडल्यावरच कळेल. रिकामं दिसलं तर अजून चार दिवस आहेत."

"आणि चार दिवसांत कोणी नाही आलं तर?"

"तर तुम्ही म्हणाल ते चारचौघांत ऐकून घेईन."

तक्ता खांबाला लागला. आणि मग एक गंमत झाली. जो येई तो आधी आपलं नाव शोधी, ते सापडलं की त्याची नजर आपोआप त्या रिकाम्या घरावर जाई. त्र्याऐंशी भरलेली घरं कोणी बघेना. "हे काय रे इथे?" असं प्रत्येक जण विचारी आणि पोरं सांगत.

सारवणाच्या हातांनीच नानांच्या बायको विमलाकाकू उठून आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. "शकु, ह्या मोकळ्या खणात काय गो?"

"सोमवारी पहाटे चार ते सहा. सगळे पुरुष पहिल्या पाळीला जातात, काकू. कोणी जागं नसतं."

"कोणी जागं नसतं?" विमलाकाकू म्हणाल्या. "मग चार वाजता नळाला पाणी येतं तेव्हा रांगेत काय भुतं उभी असतात? आमका कोणी विचारूकच नाय."

सारवणाऱ्या बायकांत हशा पिकला. प्रेमा नावाची एक तरुण बाई म्हणाली, "पोरं आलेली की आमच्याकडे. मी दार उघडलं तर म्हणाली, काकांना बोलवा."

बाईंना आपलेच शब्द आठवले. घरातल्या कर्त्या माणसाला विचारा. त्यांनीच सांगितलं होतं. एवढ्या वस्तीत हिंडून पोरांनी अर्ध्याच माणसांना विचारलं होतं, आणि विचारायला लावणारी बाईच होती. त्या आपल्याशीच पुटपुटल्या, "खरंच की. मला सुचलं कसं नाही?"

नाना खाकरले. "अगो, इथे बायकांनी वीणा घेतलेली नाही कधी."

"बायका नाही म्हणाल्या होत्या का?" चंपाने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "की विचारलं नव्हतं? आम्ही नाही म्हणणाऱ्यांपुढे फुली मारतो. इथे फुली नाहीये."

नाना कोणाकडेतरी आधारासाठी बघू लागले. मांडवात कीर्तनाचे बुवा आदल्या दिवशीच येऊन चहा पीत बसले होते. नानांनी नजरेने विचारलं. बुवांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "मला कशाला मध्ये घालता? नाम घेणाऱ्याचा गळा चालतो. एवढंच मला शिकवलंय."

"जड असते ती," नाना विमलाकाकूंना म्हणाले, आता जरा हळू.

"भरलेल्या हंड्यापेक्षा?"

"आणि तुझं पाणी कोण भरणार त्या वेळेला?"

"ते तुम्ही बघा. तुमची पहिली पाळी नाय ना?"

पुन्हा हशा झाला. नाना त्या तक्त्यापुढे उभे राहिले. एक बोट वरून आणलं, एक बाजूने. दोन्ही बोटं त्या रिकाम्या घरात येऊन भेटली. मग बाईंपुढे हात करून त्यांनी पेन्सिल मागितली आणि आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात बायकोचं नाव लिहिलं. लग्नानंतर ते त्यांनी कुठे लिहायची ही पहिलीच वेळ असावी, कारण 'ला'चा काना द्यायला ते जरा अडखळले.

सोमवारी पहाटे बाईंना राहवेना. साडेपाचलाच त्या टेकडी चढायला लागल्या. अजून अंधुक होतं. अर्ध्या वाटेवर नळ. बायका, हंडे, कळश्या, आणि त्यांच्या मधोमध मफलर गुंडाळलेले नाना, हातात पितळी हंडा घेऊन.

"बाई, बऱ्या आलात," नाना म्हणाले. "एक तासापासून उभा आहे. इथे नंबर कसा लागतो ते काय समजत नाही. जो तो येतो, एक भांडं ठेवतो नि बाजूला जातो. माणूस नाही नि नंबर लागलेला."

"नाना, ती कळशी म्हणजे मी," प्रेमा म्हणाली. "ती बादली म्हणजे शकुची आई. तिच्या मागे ठेवा तुमचा हंडा आणि गप उभे रहा."

नानांनी हंडा ठेवला. रांगेवरून एकदा इकडून तिकडे नजर फिरवली, भांडं आणि बाई, भांडं आणि बाई, जुळवत जुळवत. त्यांचा हंडा नळाखाली भरत आला तेव्हा सगळ्याच जणी थांबल्या, कारण वरच्या अंगाला, पत्र्याच्या देवळातून, वीणेच्या तारेवर एका बाईचा आवाज नाम घेत होता. जाडाभरडा, पाणी भरताना हाका मारून बसलेला, आणि कुठेही न तुटणारा.

"भरला हंडा, उचला," मागून कोणीतरी म्हणालं.

"जरा थांबा गं," नाना म्हणाले. "ऐकू द्या."